आकड्यांना वाचा



अलीकडे एक नवा व्यवसाय आपल्याकडे मान्यता पावला आहे. इंग्रजीत ज्याला डेटा म्हणतात आणि मराठीत ज्याच्यासाठी ‘विदा’ हा सुटसुटीत शब्द वापरात येऊ लागला आहे, त्या माहितीच्या राशी गोळा करावयाच्या, पाखडून-निवडून स्वच्छ करावयाच्या आणि त्यांतून निघालेला अर्थ निर्णय घेणाऱ्यांच्या हाती द्यावयाचा, असे ह्या व्यवसायाचे स्वरूप आहे. बँका, इस्पितळे, हवामानखाते, विमा कंपन्या, फार काय, क्रिकेटचे संघदेखील आज अशी माणसे पदरी बाळगतात. दहावीच्या वर्गात “पुढे कोण होणार?” असे विचारले की चार-पाच हात ह्या व्यवसायाच्या नावाने वर येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तिच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास कानी पडते : “मग आता भाषेचे तास कशाला? गणित आणि संगणक पुरे.”

भाषा आणि इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधर शिक्षिकेला हे वाक्य रुचणार नाही, हे उघडच आहे. माझ्या बोलण्यात पोटापाण्याचा स्वार्थ आहे असे कोणी म्हटल्यास मी रागावणार नाही. म्हणून स्वतःचे मत पुढे न करता मी इतिहासालाच साक्षीला बोलावते. ज्यांच्याजवळ आकडे होते आणि ज्यांच्या आकड्यांवर माणसांचे प्राण अवलंबून होते, त्यांचे पुढे काय झाले, ते पाहू.

व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक इस्पितळात १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्या विभागाच्या दोन शाखा होत्या. पहिलीत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसरीत सुइणी शिकत. दोन्ही एकाच इस्पितळात, एकाच हवेत; पण पहिल्या शाखेत बाळंतिणी सूतिकाज्वराने पटापट मरत. त्या एका वर्षी पहिल्या शाखेत ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसरीत ३,७५४ प्रसूतींमागे १०५. म्हणजे एकीकडे शंभरात अकरांहून अधिक, दुसरीकडे तिनांहून कमी. गावातल्या गरीब बायकांना हा हिशेब कोणी शिकविला नव्हता, तरी त्यांना तो ठाऊक होता. पहिल्या शाखेत जावे लागू नये म्हणून त्या हातापाया पडत. काही जणी तर वाटेतच बाळंत होणे पत्करीत.

सेमेलवाइसने कारणांचा शोध कसा घेतला, हे विद्येच्या कामाचा नमुना म्हणून मनात ठेवण्यासारखे आहे. गर्दीमुळे मृत्यू होतात म्हणावे, तर दुसऱ्या शाखेत गर्दी अधिक. हवेमुळे म्हणावे, तर हवा एकच. मरणोन्मुख स्त्रीजवळ प्रार्थनेसाठी जाणारा पाद्री पहिल्या शाखेतून घंटा वाजवीत जातो, त्या आवाजाने बायका भिऊन आजारी पडतात, असाही एक तर्क होता. सेमेलवाइसने पाद्र्याला विनंती करून घंटा बंद केली, मरणे बंद झाली नाहीत. एकेक तर्क असा गळत गेला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे वडीलधारे सहकारी प्राध्यापक कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून आजारी पडले व वारले. त्यांच्या शवात जी लक्षणे आढळली, ती बाळंतिणींच्या शवांत आढळणाऱ्या लक्षणांसारखीच होती! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या शाखेचे विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपाशीत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली त्याच पहिल्या शाखेत ३,५५६ प्रसूतींमागे केवळ ४५ मृत्यू झाले.

इतका नितळ पुरावा कोणाला क्वचितच लाभत असेल. एरवी गोष्ट येथेच संपावयाची. पण सेमेलवाइस लिहीना. मित्रांनी आग्रह केला, काहींनी त्याच्या वतीने लेखही लिहिले. तो मात्र लेखणीला भीत असे. १८५० साली व्हिएन्नाच्या वैद्यसभेपुढे तो बोलला खरा. परंतु त्याच वर्षी, मनासारखी नेमणूक न मिळाल्यामुळे, जवळच्या मित्रांनाही न सांगता तो तडकाफडकी शहर सोडून गेला. त्याचा ग्रंथ निघाला तो १८६१ साली, म्हणजे शोधानंतर चौदा वर्षांनी. लांबलचक, पुनरुक्तीने भरलेला आणि जागोजागी विरोधकांशी भांडणारा तो ग्रंथ वाचणे म्हणजे शिक्षाच होती. त्यावर प्रतिकूल अभिप्राय येताच त्याने नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून त्यांना खुनी ठरविले. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि तेथेच, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून त्याचा अंत झाला.

दोष एकट्या त्याचा नव्हता. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा व्हावयाचे होते. हाताला न दिसणारे काही चिकटते आणि त्याने माणूस मरतो, हे पटविण्यास त्याच्याजवळ आकड्यांवाचून दुसरे साधन नव्हते. शिवाय ऐकणाऱ्यांचा अहंकार आडवा येत होता. ज्याने आयुष्यभर रोग्यांची सेवा केली, त्या डॉक्टरला “मरण तुमच्या हातांनी नेले” हे सांगावयाचे कसे? माझ्या मते सेमेलवाइसपुढचा खरा प्रश्न हा होता, आणि तो गणिताचा नव्हता. खुनी म्हणून घेतलेला माणूस हात धुवावयास जात नाही. तो आपले हात स्वच्छच आहेत हे सिद्ध करीत बसतो. आणि त्या चौदा वर्षांत युरोपातल्या किती प्रसूतिगृहांत किती मुली मेल्या असतील, ह्याचा विचार मनात आला की आकडेमोड नकोशी वाटते.

ह्याच काळात एका इंग्रज बाईने ह्याहून बिकट काम तडीस नेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा हाती दिवा घेतलेला धडा तुम्ही लहानपणी वाचला असेल. पण ती गणिताची भोक्ती होती आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने जिला सभासद करून घेतले अशी ती पहिली स्त्री होती, हे धड्यात सहसा येत नाही. १८५४ च्या नोव्हेंबरात ती क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी स्कुटारीच्या इस्पितळात पोहोचली. परतल्यावर विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिने सैन्याच्या मृत्यूंची नोंद तपासावयास घेतली. १८५५ च्या एकट्या जानेवारीत जखमांनी ८३ सैनिक मेले होते, इतर कारणांनी ३२४. आणि पटकी, आमांश, ज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. शत्रूच्या गोळीने एक, तर घाणीने तेहतीस!

हे सारे सरकारी तक्त्यांत आधीपासून होतेच. तक्ते मंत्र्यांच्या टेबलावर होते आणि मंत्री ते वाचीत नव्हते. संख्याशास्त्र रुक्ष असावे, त्यात भावनेचा वास नसावा, असे फारचे मत होते. आणि त्या मतात तथ्य नाही असे नाही. नाइटिंगेलने मात्र आपला वाचक कोण, हे आधी ठरविले. राणी, मंत्री, पार्लमेंटचे सभासद आणि वर्तमानपत्रे वाचणारा सामान्य इंग्रज. ह्या मंडळींना स्तंभ-तक्ते वाचण्याची सवय नाही, पण चित्र कोणीही पाहतो. तिने वर्षाच्या बारा महिन्यांसाठी मध्यबिंदूपासून पसरणाऱ्या बारा समान कोनांच्या पाकळ्या काढल्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. ज्या महिन्यात मृत्यू अधिक, त्या महिन्याची पाकळी मोठी. हिवाळ्यातल्या निळ्या पाकळ्या कागदभर पसरलेल्या आणि मध्याशी तांबड्याची चिमूटभर खूण. शेजारीच दुसऱ्या वर्षाचे चित्र. १८५५ च्या मार्चमध्ये स्वच्छतेची पाहणी करणारे मंडळ तेथे पोहोचले, गटारे साफ झाली, आणि निळे पाहता पाहता आकसले.

येथे एक तपशील गणिताच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. तिच्या पहिल्या रेखाटनात मृत्यूंचे प्रमाण मध्यबिंदूपासूनच्या लांबीने दाखविले होते. परंतु त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि पाहणाऱ्याचा डोळा लांबी मोजीत नाही, रंगाचा पसारा मोजतो. म्हणजे चित्र तिच्याच बाजूने खोटे बोलत होते. हे ध्यानात येताच तिने पद्धत बदलली आणि क्षेत्रफळ हेच प्रमाण धरले. आपल्या मुद्द्याला फायद्याची असलेली अतिशयोक्ती स्वतःहून काढून टाकावयास मनाचा जो सरळपणा लागतो, तो संगणक शिकवीत नाही.

शब्दांतही ती तशीच नेमकी होती. शांततेच्या काळात, इंग्लंडातल्या इंग्लंडात, बराकीत राहणारे सैनिक हजारी १७ ते २० ह्या प्रमाणात मरत. त्यांच्या वयाच्या नागरिकांत तेच प्रमाण ११ होते. हजारी सहा ते नऊंचा हा फरक ऐकून कोणाची झोप उडणार? तिने लिहिले की दरवर्षी अकराशे जवान सॉल्सबरीच्या माळावर नेऊन त्यांना गोळ्या घालण्याइतकाच हा गुन्हा आहे. आकडा तोच, पण तो आता डोळ्यांसमोर उभा राहिला. पुढे हिंदुस्थानातल्या लष्करी ठाण्यांकडे तिने प्रश्नावल्या पाठविल्या, आलेल्या उत्तरांच्या ढिगाऱ्यातून १८६३ च्या अहवालासाठी आपली निरीक्षणे लिहिली, आणि लोकांनी ती वाचावी म्हणून त्यांत चित्रे घातली. बरेचसे हे काम तिने आजारपणात, अंथरुणाला खिळून, पत्रे लिहिलिहून केले. सेमेलवाइसइतकीच तीही रागीट होती, असे तिची पत्रे वाचणारे सांगतात. फक्त तो राग ती खासगी पत्रांत ओती आणि अहवालात युक्तिवाद करी.

हे वाचून कोणी म्हणेल, चित्रे चांगली काढली की काम झाले. तसेही नाही. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेत जे घडले, ते पाहावे. ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान २८ तारखेला उडावयाचे होते. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडणार असे कळताच, यानाची अग्निबाणे बनविणाऱ्या कंपनीतले अभियंते अस्वस्थ झाले. अग्निबाणांच्या सांध्यांत रबराची कडी असत. थंडीत रबर ताठरते व सांध्यातून तप्त वायू निसटू शकतो, अशी त्यांची भीती होती. रॉजर बोजोले ह्या अभियंत्याने सहा महिने आधीच आपल्या वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत हा धोका लिहून कळविला होता. त्या रात्री तीन राज्यांतली माणसे टेलिफोनवर एकत्र आली आणि अभियंत्यांनी घाईघाईने तयार केलेले तेरा तक्ते दूरध्वनीच्या यंत्रावरून पाठविले. ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा, थंड हवेत यान उडवू नये असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप निघाला की ७५ अंशांच्या उबदार हवेतही एकदा कडीला इजा झाली होती. मग थंडीचा संबंध कुठे?

ह्या आक्षेपाचे उत्तर त्यांच्याच दप्तरात होते. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली, तेवढ्यांचाच विचार त्या रात्री चालला होता. जी उड्डाणे निर्वेध पार पडली, त्यांची तपमाने कोणी शेजारी मांडली नाहीत. पुढे चौकशी आयोगाने ती मांडली. ६६ अंश वा त्याहून अधिक तपमानाच्या वीस उड्डाणांपैकी तिनांतच इजा झाली होती. ६३ अंश वा त्याखालच्या चार उड्डाणांपैकी चारांत. हे दोन ओळींचे गणित त्या रात्री कोणापुढे आले नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला फिरविला, सकाळी यान उडाले आणि ७३ सेकंदांनी आकाशात त्याचे तुकडे झाले. सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची एक शाळामास्तरीण होती. अवकाशातून मुलांना पाठ देण्यासाठी ती निघाली होती, आणि देशभरच्या वर्गांतून मुले ते उड्डाण पाहत होती.

पुढे काही पंडितांनी सारा ठपका त्या तेरा तक्त्यांच्या मांडणीवर ठेवला. मला तो निवाडा कठोर वाटतो. बोजोले आणि त्याचे सोबती त्या रात्री आर्जवाने बोलत होते. ऐकणाऱ्यांना उड्डाणाची घाई होती. सांगण्याचे कौशल्य जसे एका टोकाला लागते, तसे ऐकण्याचे दुसऱ्या टोकाला. तुमच्यापैकी काही जण पुढे अधिकारी होतील, म्हणून हे मुद्दाम लिहिते : नको असलेला आकडा घेऊन आलेल्या माणसाला बसावयास खुर्ची द्यावी.

इतक्या मोठ्या प्रसंगांकडून आता आपल्या शाळेकडे येऊ. समजा, एका वर्गात चाळीस मुले आहेत. आठवड्याच्या पाच दिवशी अडतीस हजर असतात आणि शुक्रवारी वीस. सहा दिवसांची सरासरी काढली तर उपस्थिती साडेसत्त्याऐंशी टक्के भरते. हा आकडा खरा आहे आणि निरुपयोगी आहे. त्याने मुख्याध्यापकांना काहीच कळत नाही. फार तर ते सर्वांना शिस्तीवर एक भाषण देतील. पण “शुक्रवारी निम्मा वर्ग रिकामा असतो, इतर दिवशी भरलेला असतो” असे सांगितले की म्हापशाच्या आसपासचा कोणीही माणूस लगेच म्हणेल, “अहो, शुक्रवारचा बाजार!” विदा हाताळणाऱ्याने सरासरी सांगण्याआधी स्वतःला विचारावे की ऐकणारा हे ऐकून करणार काय आहे. उत्तर सुचत नसेल तर ऐकणाऱ्यालाच जाऊन विचारावे. नव्या उमेदवारांना ह्यात कमीपणा वाटतो. वास्तविक शुक्रवारी बाजार असतो ही माहिती कोणत्याही संगणकापेक्षा शाळेच्या शिपायाजवळ लवकर मिळते.

शेकडेवारीनेही असाच घात होतो. दहा हजारांत एकाला होणारा रोग दोघांना होऊ लागला तर “धोका दुप्पट झाला” हे म्हणणे खोटे नाही; पण ते ऐकून घाबरलेल्या आईला मूळचा एक आणि आताचे दोन हे आकडे सांगणे हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि जे अनिश्चित आहे ते अनिश्चित म्हणून सांगावे. हवामानखाते मोसमी पावसाचा अंदाज देते, तेव्हा दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला सर्वसाधारण पाऊस म्हणते. शेतकरी त्यातला ‘सर्वसाधारण’ एवढाच शब्द उचलतो आणि समजतो की आपल्या शेतावर वेळेवर पाऊस पडणार. साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेचा तो अंदाज असतो. एका गावाच्या रोपणीच्या आठवड्याबद्दल तो काही बोलत नाही. हे समजावून सांगणारा माणूस मध्ये नसेल, तर शास्त्र बरोबर असूनही शेतकरी फसतो.

ह्या बाबतीत आपल्या गोव्याने एक थोर उदाहरण घालून दिले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९०७ साली गोव्यात जन्मले. त्यांचे वडील धर्मानंद ह्यांनी बौद्ध धर्माचे गहन विषय सोप्या मराठीत आणले. मुलाने गणित घेतले, पण सोपे करून सांगण्याचा वसा सोडला नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. आनुवंशिकतेच्या शास्त्रात त्यांच्या नावाचे १९४४ सालचे सूत्र आजही वापरले जाते. ह्याच माणसाने प्राचीन भारताची हजारो चांदीची नाणी तराजूत घालून तोलली. टांकसाळीतून निघताना नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. हातोहाती फिरताना ती झिजतात. जितकी वर्षे फिरली तितकी हलकी, आणि कोणी अधिक झिजते, कोणी कमी, म्हणून त्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. कोणत्या राजाची नाणी आधीची, कोणाची नंतरची, हे ह्या झिजेवरून ठरविता येते. अवघड संख्याशास्त्र त्यामागे आहे. परंतु मूळ कल्पना बाजारात गेलेल्या कोणालाही समजेल अशी आहे, आणि कोसंबी ती तशीच सांगत.

हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर करता येण्यासारखा आहे. एकाच ठशाची, पण निरनिराळ्या सालांची नाणी जमवावीत. ठसा बदललेला चालणार नाही, कारण टांकसाळीने नाण्यांची वजने वेळोवेळी बदलली आहेत आणि तो फरक झिजेचा समजला जाईल. प्रत्येक सालाची निदान वीस-पंचवीस तरी असावीत. दोन-चार नाण्यांवरून काही ठरविण्याचा मोह टाळावा. मग जे आढळेल ते वर्गात मराठीतून लिहून दाखवावे आणि घरी आजीला कोंकणीतून तोंडी सांगावे. आकडे दोन्हीकडे तेच असतील, पण आजीला आलेख दाखवून भागणार नाही. ती शांतपणे सारे ऐकून घेईल आणि विचारील, “मागीर कितें?” तिच्या ह्या ‘मग काय?’चे उत्तर वहीत सर्वांत आधी लिहून ठेवावे आणि मगच नाणी तोलावयास घ्यावीत.